गणपतरावांचं आवतन

गणपतरावांची जीभ काही वाईट नव्हती. कोणाला शिवी नाही, कोणाची चुगली नाही. तिला एकच खोड होती. समोर माणूस दिसला रे दिसला की ती म्हणायची, "या नं, जेवायले या!"

आता असं म्हणायला काय, सगळं नागपूर म्हणतं. दारावरून कोणी चाललं की आपण म्हणायचं "या जेवायले", त्यानं म्हणायचं "झालं नं भाऊ, आत्ताच जेवलो", आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. त्यात कोणाचं काही जात नाही. पण गणपतरावांची गोष्ट वेगळी. एक तर ते इतकं मनापासून म्हणायचे की समोरच्याला आपण जेवलोय हे आठवेनासं व्हायचं. आणि दुसरं म्हणजे ते ज्या दारात उभे राहून म्हणायचे ते खाणावळीचं दार होतं, आतून तुपात भाजणाऱ्या पुरणपोळीचा वास येत असायचा. अशा वासात उभं राहून "आत्ताच जेवलो" म्हणायला माणूस साधूच पाहिजे. साधूही आले होते एकदा. सात होते. जेवून गेले.

ही खाणावळ सीताबर्डीहून कॉटन मार्केटकडे जाणाऱ्या एका बोळात होती. दारावर निळी पाटी: 'गणपतराव पुरणपोळी भोजनालय'. पाटीवर गणपतराव, गल्ल्यावर गणपतराव, दारात पान चघळत उभे तेही गणपतराव. पुरणपोळी तेवढी त्यांच्या बायकोची, सिंधूताईंची.

आणि पोळी म्हणजे काय पोळी! आमच्याकडची पोळी पुण्याकडच्यासारखी कागदाची घडी नसते. मूठभर पुरणाचा गोळा, वर कणकेचं नावापुरतं पांघरूण, लाटण्याला सुट्टी. हातावर थापायची, तव्यावर टाकायची, फुगली की ताटात घ्यायची, बोटानं मधोमध भोक पाडायचं आणि त्यात तूप ओतायचं, ते काठावरून वाहीपर्यंत. सोबत आंबट कढी आणि डाळीचे वडे. सिंधूताई अशा पोळ्या एकोणीस वर्षं थापत होत्या आणि थापून थापून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. संध्याकाळी त्या चुलीतला गरम विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून खांद्यावर धरायच्या. गणपतरावांनी ते एकोणीस वर्षं पाहिलं होतं. म्हणजे वीट पाहिली होती.

तर झालं काय, चौऱ्याहत्तर सालच्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रपूरचा एक व्हॉलीबॉलचा संघ मैदानाचा पत्ता विचारत बोळात शिरला. गणपतराव म्हणाले, "मैदान कुठं पळून चाललं का बाप्पा? या, आधी जेवा!" बाहेरगावची पोरं. 'आत्ताच जेवलो' म्हणायची रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती. आत आली, बसली, आणि महिन्याच्या गिऱ्हाइकांसाठी केलेल्या सगळ्या पोळ्या संपवून ढेकर देत सामना हरायला गेली. त्या रात्री महिन्याचे गिऱ्हाईक दहीभात खाऊन उठले.

सिंधूताईंनी भांडण केलं नाही. त्यांनी तवा उतरवून गणपतरावांसमोर आणून ठेवला.

"ठेवा हात."

"काहून?"

"शपथ घ्या."

तवा अजून पुरता निवला नव्हता, म्हणून शपथ जरा घाईतच झाली. "आजपासून मी कोण्याच माणसाले आवतन देणार नाही," गणपतराव बोटं फुंकत म्हणाले. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. हा शब्द उच्चारतानाही त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"अन् देल्लं त?"

"अवं, देतो काहून आता?"

"देल्लं त मी सावनेरच्या बसमधी. महादेवभाऊच्या घरी. मग पाटीवर नाव हाये तुमचं, थापा तुम्हीच पोळ्या."

महादेवराव म्हणजे सिंधूताईंचे थोरले भाऊ, सावनेरला त्यांची शेती. सिंधूताई उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकदा पिठाच्या गिरणीवाल्यानं पिठात रेव पाठवली, तेव्हा 'पुन्हा तुझ्या गिरणीची पायरी चढणार नाही' म्हणाल्या होत्या. त्याला नऊ वर्षं झाली आणि गिरणीवाल्याचे केस पांढरे झाले, तरी त्या पायरी चढल्या नव्हत्या. हे गणपतरावांना चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना घाम फुटला. सिंधूताई गेल्या तर ही खाणावळ म्हणजे नुसती पाटी उरणार होती. आणि पाटीखाली एक माणूस, ज्याला चहासुद्धा करता येत नाही.

पुढचे तीन आठवडे गणपतरावांचे काय हाल झाले ते विचारू नका. कोणी दारावरून गेलं की ते तोंडात वेलदोडा टाकायचे आणि दातांनी धरून ठेवायचे. ओळखीचं कोणी थांबलंच तर म्हणायचे, "पाणी येऊन राहिलं वाटते," आणि आभाळाकडे बघायचे. आभाळ कोरडं असलं तरी. पोस्टातले आनंदराव, महिन्याचे जुने गिऱ्हाईक, एकटा जीव आणि भुकेला खंदा, तिसऱ्या दिवशी आत न शिरता दारातच उभे राहिले.

"गणपतराव, माह्याकडून काही चुकलं का?"

"नाही बाप्पा. काहून?"

"नाही, तीन दिवस झाले, तुम्ही मले 'या' म्हणून नाही राहिले. जेवायले त मी येतोच. पण म्हटलं म्हणजे बरं वाटते."

गणपतराव आभाळाकडे बघत म्हणाले, "पाणी येऊन राहिलं वाटते." आतून सिंधूताईंच्या थापण्याचा आवाज एक क्षण थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

असे दिवस काढत काढत पोळ्याची आदली संध्याकाळ आली, म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. त्या संध्याकाळी ते खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद आणि तूप चोळायचं, हात जोडून बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." दुसऱ्या दिवशी पोळा, बैलांचा सण. त्या दिवशी बैल पाहुणा आणि पुरणपोळी त्याची.

सिंधूताई त्या वेळी घरी नव्हत्या. पुरण वाटायला येणाऱ्या कांताबाईला 'उद्या लवकर ये वं' असं बजावायला तिच्या वस्तीत गेल्या होत्या. गणपतराव दारात वेलदोडा धरून उभे होते, आणि बोळाच्या तोंडाशी लहानू दिसला. लहानू बंडीवाला, म्हणजे बैलगाडीवाला. इतवारीतून डाळ आणि टिंबर मार्केटमधून लाकडं खाणावळीला त्याचीच बंडी आणायची. बंडी आज सोडलेली होती. दोन्ही बैल धुतलेले, मागे मागे चालत होते. बैलांची नावं वकील आणि मास्तर. वकील कोणतीही गोष्ट सांगा, आधी मान हलवून नाही म्हणायचा, मग करायचा. मास्तर उभ्या उभ्या झोपायचा.

"गणपतभाऊ, एक काम होतं," लहानू म्हणाला.

"बोल गा."

"याइचे खांदे शेकाचे हायेत. घरच्या मोठ्यानं शेकाचे असतात. माह्या घरी कोण मोठं? खोलीत मी अन् एक कंदील. म्हटलं, बारा वर्षं याइनं तुमच्या घरची डाळ वाह्यली, तुम्हीच मोठे."

असं कोणी म्हटल्यावर गणपतरावांचं पाणी पाणी व्हायला कितीसा वेळ! ते आत धावले, तुपाची वाटी घेतली, त्यात हळद कालवली, गरम पाणी आणलं. वकिलाचा खांदा शेकला. काय घट्टा होता तो! हाताला दगड लागावा तसा. गणपतरावांना भरून आलं. तूप चोळता चोळता ते म्हणत होते, "बाप्पा रे, किती वजन ओढलं रे तू..." मग दोन्ही हात जोडले, आणि शब्द ओठावर आले नि तिथंच अडकले.

आवतन! तवा! सावनेरची बस!

पण माणूस अडचणीत सापडला की त्याची अक्कल बरोबर तेवढ्यापुरती चालते. आपण तव्यावर हात ठेवून काय म्हणालो होतो? 'कोण्याच माणसाले.' बैल काय माणूस आहे? गणपतरावांनी वेलदोडा थुंकला आणि तीन आठवड्यांची तहान भागवल्यासारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या!"

वकिलानं मान हलवली. मास्तर झोपला होता, पण त्यालाही आवतन मिळालं.

गोष्ट इथंच थांबती तर काय पाहिजे होतं! पण बंड्यांचा अड्डा बोळाच्या पलीकडेच होता आणि तिथल्या आठ जणांनी हे सगळं पाहिलं होतं. ते आपापले बैल घेऊन आले. पहिला म्हणाला, "भाऊ, लहानूच्या बैलाचा खांदा तेवढा खांदा, अन् आमच्या बैलाचा काय खुंटा?"  गणपतराव शेकत गेले, चोळत गेले, हात जोडत गेले. अठरा बैल झाले. तुपाचा एक डबा तळाला लागला, पण जीभ कशी मोकळी झाली म्हणून सांगू! प्रत्येकाला वेगळं, मनापासून, नजरेला नजर देऊन आवतन. सिंधूताई परत आल्या तेव्हा बोळ रिकामा होता आणि गणपतराव दारात गाणं गुणगुणत होते.

"काय झालं?" सिंधूताईंनी विचारलं.

"कुठं काय? पाणी येऊन राहिलं वाटते."

"कांताबाई गावी चालली. उद्या मी एकटीच हावो," त्या म्हणाल्या आणि खांदा दाबत आत गेल्या. हे ऐकून तरी या माणसानं तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. त्यांनी मनाशी म्हटलं, बैलाच्या काय लक्षात राहते! बैलांना मालक असतात आणि मालकांच्या लक्षात राहतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाणावळ भरली होती. पोळ्याला ज्याला घर आहे तो घरी जेवतो, आणि ज्याला नाही तो गणपतरावांकडे. पोस्टातले, बँकेतले, एकेकट्या खोल्यांतले सगळे धुतलेले कपडे घालून ओळीनं बसले होते. सिंधूताई पहाटेपासून एकट्या खपत होत्या. आनंदरावांच्या ताटात पहिली पोळी पडली. त्यांनी बोटानं भोक पाडलं, तूप ओतलं, डोळे मिटून एक क्षण देवाचं नाव घेतलं आणि डोळे उघडले तो ताट रिकामं. ताटावर एक भलं मोठं ओलं नाक, वर बेगड लावलेली शिंगं, आणि ते नाक मान हलवत नाही नाही म्हणत पोळी चावत होतं.

"वकील!" गणपतराव किंचाळले.

वकिलामागे मास्तर, त्यामागे झुली, घुंगरं, गेरूचे ठप्पे, अठरा बैलांनी बोळ तुडुंब भरलेला. तिकडे मैदानात पोळा फुटला होता, म्हणजे पूजा होऊन बैल सुटले होते, आणि सगळे सरळ आवतनाला आले होते. लहानूनं पुढं होऊन, पोळ्यात बैलांपुढं झडती, म्हणजे जोडलेलं गाणं, म्हणतात तशी, हात उंच करून आरोळी ठोकली:

"लाकडं वाह्यली, डाळ वाह्यली, वाह्यलं पोतंभर पीठ,
गणपतभाऊनं आवतन देल्लं, आता वाढा म्हणा नीट!
हर हर महादेव!"

"महादेव!" सगळा बोळ ओरडला. आणि आतला थापण्याचा आवाज थांबला.

सिंधूताई बाहेर आल्या, हात पिठानं भरलेले.  मास्तरच्या घुंगरांचा तेवढा आवाज, तोही झोपेतला.

"कोणं बलावलं?" त्यांनी विचारलं.

"गणपतभाऊनं, वहिनी," लहानू म्हणाला. "खांदा शेकून, हात जोडून."

सिंधूताईंनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव गल्ल्यामागं जितकं लहान होता येईल तितके लहान झाले. "मी म्हटलं होतं, माणसाले देणार नाही," ते म्हणाले. "हे... हे माणसं नाही होत."

सिंधूताई आत गेल्या. गेली, गणपतरावांना वाटलं, पिशवी भरायले गेली. आनंदरावही रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाले, "गेली." पण सिंधूताई बाहेर आल्या त्या पाण्याचा तांब्या आणि ओवाळायचं ताट घेऊन. वकिलाच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्याखालची लोंबती कातडी खाजवली. आणि तो खट्याळ बैल, आयुष्यात पहिल्यांदा, मान न हलवता उभा राहिला.

"आवतन देल्लेला पाहुणा उपाशी गेला, असं माह्या बापाच्या दारात कधी झालं नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "अन् आवतन घेतलेला पाहुणा जेवल्याबिगर उठला, असंही नाही झालं. आनंदराव, बसून काय राहिले? उठा! तांब्या घ्या, पाय धुवा त्याइचे. बाकीच्यानं पाटा घ्या, डाळ शिजून हाये, वाटा!"

मग काय विचारता! बँकेतले बाबू धुतलेल्या कपड्यांवर पुरण वाटायला बसले. आनंदराव एका एका बैलाचे चार चार पाय धुवत फिरले आणि एकानं त्यांच्या पायावर पाय दिला तरी हसत राहिले. सिंधूताई आत थापायच्या, बाहेर येऊन आपल्या हातानं बैलाला भरवायच्या, पुन्हा आत. एकोणीस वर्षांत त्यांच्या दाराशी पोळ्याला बैल आला नव्हता. शेतकऱ्याची लेक, सावनेरला बापाच्या दावणीला सहा बैल होते, आणि लग्न होऊन आली ती या बोळात. सिंधूताई एका काळ्या बैलाच्या कानात काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या. डोळ्यांना पाणीही होतं. गणपतरावांनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. वाचलो, ते मनात म्हणाले. बैल देवासारखे धावून आले.

बैल जेवले. बंडीवाले जेवले. ते जेवणारच होते. बैलाला एकट्याला जेवायला पाठवून मालक बाहेर उभा राहील का? पुरण संपलं, वड्यांवर आणि कढीभातावर गिऱ्हाईक जेवले आणि तरी कोणी कुरकुरलं नाही. शेवटची पोळी आनंदरावांना मिळाली. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना बघितलं, मग ती खाल्ली.

दिवेलागणीला खाणावळ रिकामी झाली. सिंधूताई पुरणाचं पातेलं खरवडत होत्या. गणपतराव खुशीत आत आले.

"जमलं नं वं सारं! म्हटलं होतं मी, बैल काही माणूस नाही."

सिंधूताईंनी पातेलं ठेवलं, हात धुतले, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि तिच्यात लुगडं घडी करून ठेवलं.

"हे काय?"

"उद्या सावनेरले चालली."

"अवं, पण बैलाइले आवतन देल्लं म्हणून? तूच त कुंकू लावलं!"

"बैलाइले देल्लं थे बरंच केल्लं. उभ्या जन्मात एक काम बरोबर केल्लं तुम्ही." त्या वळल्या. "अठरा बैलाइचे खांदे शेकले म्हणे. तूप लावलं. हात जोडले. चंद्रपूरच्या पोट्ट्याइले आवतन, साधूले आवतन, रस्त्यावरच्या कुत्र्यालेही तुम्ही 'या' म्हणता. एकोणीस वर्षं झाली. मले कधी म्हटलं, सिंधू, बस, जेव? आज सकाळपासून माह्या पोटात काही गेलं का, हे तरी मालूम हाये का तुमाले?"

  गणपतरावांनी पातेल्याकडे पाहिलं. खरवडलेलं, चकचकीत. त्यांनी बायकोच्या खांद्याकडे पाहिलं. वीट नव्हती, म्हणून खांदा दिसला. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. हा कधी खाली आला? त्यांना लाज वाटली.

ते उठले. चुलीवर पाणी ठेवलं. तुपाच्या डब्याचा तळ बोटानं खरवडून वाटीत घेतला, हळद टाकली. सिंधूताई पिशवीच्या गाठीशी खटपट करत होत्या, त्यांच्या मागे जाऊन बसले. गरम पाण्यात फडकं पिळलं आणि खांद्यावर ठेवलं.

"हे काय चालवलं? सोडा!"

"गप बस वं."

पदर सारून त्यांनी खांदा शेकला. मग तूपहळद चोळली. हाताला घट्टा लागला. वकिलाच्या खांद्यावर लागला होता तसाच, फक्त आतून. गणपतराव चोळत राहिले. मग उठले, समोर आले आणि दोन्ही हात जोडले.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवायले या."

"मी काय बैल हावो?" सिंधूताई म्हणाल्या, पण तोंड भिंतीकडे फिरवून.

"नाही. बैलाले मी बारा वर्षांनी का होईना, विचारलं."

सिंधूताई काही बोलल्या नाहीत. बैलही काही बोलत नाही; न बोलणं म्हणजे आवतन घेतलं. गणपतरावांनी तसं धरून चालायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शहरात मारबतीची धामधूम. मोठमोठे पुतळे मिरवत नेतात, गावावरची सगळी पीडा त्यांच्यावर लोटतात आणि शहराबाहेर जाळतात. इतवारीकडे चाललेली पोरं बोळातून ओरडत जात होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" सिंधूताई पाटावर बसून हळूच म्हणाल्या, "आवतन देणाऱ्याची जीभ घेऊन जा गे मारबत." पिशवी बाजूला भरलेली. अकराची बस धरायची होती, पण आवतन घेतलेला पाहुणा जेवल्याशिवाय उठत नाही, हे काल त्यांनीच सगळ्या बोळाला ऐकवलं होतं.

आणि गणपतराव स्वयंपाक करत होते! सात वाजता डाळ चढवली. नऊला ती जळली. दुसरी चढवली, ती शिजेना. "पाणी किती घालतात वं?" त्यांनी विचारलं. "पाहुण्याले विचारत नसतात," सिंधूताई म्हणाल्या. पुरण पातळ झालं, त्यांनी आटवलं, मग ते दगड झालं, मग पाणी घातलं. अकराची बस गेली. पाट्यावर पुरण वाटताना त्यांचं बोट चेंगरलं. एकची बस गेली. पहिली पोळी तव्याला अशी चिकटली की ती तवाच झाली. दुसरी फुटली, तिसरी हातातच फुटली. सिंधूताईंचा हात आपोआप पुढं व्हायचा आणि त्या तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवायच्या. तिसऱ्या पोळीनंतर गणपतराव नुसते उभे राहिले, कपाळाला पुरण, मिशीला पीठ.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "रोज. बाप्पा रे. सिंधू, मले काही मालूमच नव्हतं वं."

"तवा निवून राहिला," सिंधूताई म्हणाल्या. पण आवाज कालचा नव्हता.

चार वाजता एक वस्तू ताटात पडली. तिला कोपरे होते. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं कच्ची, पण फुटलेली नव्हती. गणपतरावांनी पाटाभोवती पाणी फिरवलं, सकाळीच आणलेलं तूप वाढलं आणि ताट पुढं ठेवून हात जोडून उभे राहिले. तीनची बस केव्हाच गेली होती आणि त्यानंतरची थेट उद्या होती.

सिंधूताईंनी भोक पाडायचा प्रयत्न केला. बोट जाईना. मग कडेचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात टाकला. चावत राहिल्या, बराच वेळ. 

"वेलदोडा जास्त झाला," त्या म्हणाल्या.

"तीन आठवड्यांचा उरला होता."

त्या हसल्या. आधी थोडं, मग हसताना ठसका लागेपर्यंत. गणपतरावांनी धावत पाणी दिलं. सिंधूताईंनी ती पोळी काळ्या बाजूसकट, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. दुसऱ्या कोणी केलेली पोळी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ली होती.

तव्यावर आणखी एक पडली होती, तीही कशीबशी शाबूत. आता गणपतरावांच्या लक्षात आलं की आपणही सकाळपासून उपाशी आहोत. पोटात आग पडली होती, आणि तुपाच्या वासानं भूक मेलीही होती, दोन्ही एकदम. हे असं असतं हे त्यांना आज कळलं. त्यांनी ती पोळी ताटात घेतली आणि जमिनीवर बसणार तेवढ्यात सिंधूताई म्हणाल्या,

"तुमाले कोणं आवतन देल्लं?"

गणपतरावांचा हात ताटावरच थांबला. त्यांनी पाहिलं. सिंधूताईंनी पिशवी उचलून खुंटीला लावली, आपला पाट त्यांच्याकडे सरकवला आणि डाव्या हातानं तुपाची वाटी उचलली.

"आज आवतन घ्या," त्या म्हणाल्या, "अन् आजच जेवा. उद्यावर नका ठेवू."